गासडीच्या पोटातलं गवत

नवशा, आज मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. का येत नाही ते पुढे येईलच. तू असतास तर माझं तोंड बघून पोट धरून हसला असतास, मग मी तुला एक ठेवून दिली असती, मग तू मला दोन. आपलं सगळं असंच चालायचं. ओळख झाली तीसुद्धा मारामारीनेच. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू माझ्या बाकावर बसला होतास. मी 'ऊठ' म्हणालो, तू उठला नाहीस, आणि पाचव्या मिनिटाला आपण दोघं जमिनीवर लोळत होतो. तू माझा कान चावलास. थंडी पडली की अजून ठणकतो तो.

मला रडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. रडायला बसलो की रागच येतो. ज्यांनी तुला मारलं त्यांचा येतो, तुझा येतो आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा येतो. तेव्हा हे लिखाण गोड होणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या रविवारी तुझ्या पाड्यावर गेलो होतो. तुझं दिवसकार्य होतं. तलासरीला मोठ्या रस्त्यावर एस्टीतून उतरलो आणि पायी निघालो, तर वाटेत गवताच्या वखारी लागल्या. गंजी तशाच उभ्या होत्या, यंत्रावर गवत दाबून तारेने गासड्या बांधणं तसंच चालू होतं. तुझ्या जागी एक नवा माणूस उभा होता आणि गासड्या न बघताच पुढे ढकलत होता. मी तिथे थांबलो असतो तर माझ्या हातून काहीतरी वेडंवाकडं झालं असतं, म्हणून पाय उचलला.

तुझी जानकी अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला. दाणे पाखडता पाखडता एकदम सुरू झाली.

"मास्तर, पोलिसांनी लिवून नेला, गंजीवरून पडून मेला. मी सांगला, गंजीवर जन्म गेला त्याचा, तो कसा पडंल? पाठ बघा ना त्याची, काठीचे वळ बघा. तर मलाच विचारतात, याच्या आधी कधी पडला व्हता का? मी खरा ता सांगला. हा, एकदा पडला व्हता, कॉलेजात असताना. डाव्या बाजूच्या दाढा गेल्या, गालाला खोक पडली. तवापास्ना उजवीकडूनच जेवायचा. तर ते बोलले, झाला मग, आता पन तसाच पडला."

मी तिच्याकडे बघत राहिलो. नवशा, सात वर्षं एका घरात राहून तू तिला हेच सांगत आला होतास? गंजीवरून पडलो?

तुझ्याइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. त्या खऱ्यापायी तू सगळ्यांचा मार खाल्लास. सबंध आयुष्यात एकच गोष्ट खोटी सांगितलीस, ती माझं नाव वाचवायला. आणि त्याच खोट्यावर बोट ठेवून लोकांनी तुझ्या पाठीवरचे वळ कागदातून पुसून टाकले.

मी जानकीला म्हणालो, "तो पडला नव्हता. दाढा मी पाडल्या. गालही मीच फोडला."

तिने हातातलं सूप उचलून माझ्या तोंडावर मारलं. दाण्यांसकट. तुझी पोरगी रडायला लागली. मी हललो नाही. मग जानकी धापा टाकत खाली बसली आणि म्हणाली, "मंग ह्या लिवून द्या. जसा मना सांगला तसाच."

सोमवारी चौकीत ते लिहून दिलं. ज्यांना दिलं त्यांनी घडी केली आणि एका मोठ्या वहीखाली सरकवली. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. मला फार आशा नाही, तूही धरू नकोस. पण त्या कागदात मी एक वाक्य लिहायचं टाळलं. ते आज इथे लिहिणार आहे, आणि त्यासाठी मला विद्यापीठाची समिती कॉलेजात आली त्या दिवसाकडे परत जावं लागेल.

आपलं कॉलेज म्हणजे मसोलीच्या रस्त्यावरची गवताची जुनी वखार. देसाई सरांनी ती भाड्याने घेतली, मधे बांबूच्या तट्ट्या घालून तीन वर्ग केले आणि बाहेर पाटी लावली. प्राचार्य तेच, शिपाई तेच, बाक डोक्यावरून वाहून आणणारेही तेच. पाटीवर लिहिलं होतं, बी.कॉम., विशेष विषय परदेश व्यापार. सबंध जिल्ह्यात असा अभ्यासक्रम दुसरीकडे नव्हता. खरं सांगायचं तर आपल्याकडेही नव्हता. एक पुस्तक होतं, सरांचं स्वतःचं, तेही मधली पानं गळालेलं. सर ते पुस्तक छातीशी धरून जीव तोडून शिकवायचे, भिंतींतून गवताची धूळ पडायची आणि आपण नऊजण शिंकत लिहून घ्यायचो. जिथली पानं गळाली होती तिथे सर म्हणायचे, "भाई, हे मागाहून पाहू." ते मागाहून कधी आलंच नाही.

मी तिथे का होतो, ते तुला पाठ होतं. फाळणीच्या आधी माझ्या बाबांचं गलबत सुके बोंबील घेऊन कराचीला जायचं. ते एकाएकी बंद पडलं. बाबा मासेमारीकडे वळले, पण मन त्या वाटेवरच राहिलं. गलबत गेलं तर गेलं, पोरगा कागदावरून माल परदेशी पाठवील, असं ते किनाऱ्यावर जाळी विणताना सगळ्यांना सांगायचे. मुंबईतल्या एका जहाज कंपनीने सरांना शब्द दिला होता, अभ्यासक्रमाला विद्यापीठाची मान्यता मिळाली की इथली दोन मुलं घेऊ. त्या दोघांत माझं नाव होतं. मान्यता नाही मिळाली तर दोन वर्षं मातीत जाणार होती आणि पुन्हा पहिल्यापासून मुंबईला जाऊन शिकावं लागणार होतं.

तू का आला होतास, ते मात्र मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, कुठल्या तरी मास्तराने पाठवला असेल आणि हा आला असेल. एकदा सुट्टीत तुझ्याबरोबर तलासरीला आलो तेव्हा कळलं. तुझा बाप वखारीत गासड्या बांधायचा. ठेकेदाराची माणसं भिजलेलं गवत मधे घालायला लावायची, वजन भरावं म्हणून. पुढे मुंबईच्या तबेल्यात ती गासडी काळी निघाली की दोष बांधणाऱ्यावर यायचा आणि मार तुझा बाप खायचा. तू मला म्हणालास, "हऱ्या, गवत इथून गेल्यावर त्याचा काय व्हतंय, कोन त्याला चांगला म्हनतो, कोन वाईट म्हनतो, ता मना शिकायचाय. म्हणून आलोय."

त्याच दिवशी तू मला गासडी बघायला शिकवलंस. बाहेरचं गवत बघूच नकोस, म्हणालास, ते नेहमीच पिवळंधमक असतं. तारेच्या मधून हात कोपरापर्यंत आत घाल. पोटातलं मूठभर उपस आणि नाकाला लाव. मी हात घातला. आत गरम होतं. बाहेर काढलेलं गवत काळं पडलेलं होतं आणि त्याला आंबूस घाण येत होती. मी हात झटकला आणि तू टाळ्या पिटत हसलास.

मग समिती यायची ठरली. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर. विद्यापीठाची तीन माणसं येऊन बघणार होती की हा अभ्यासक्रम चालवण्याजोगा आहे की नाही. सर आठवडाभर जेवले नसतील. मुंबईतल्या एका ओळखीच्या ग्रंथालयातून त्यांनी दोन ट्रंका भरून पुस्तकं मागवली. स्टेशनवरून टांग्यात घालून आपणच आणली. नवी कपाटं, नवं कुलूप. कुलपाची किल्ली सरांनी माझ्याकडे दिली. भर दुपारी आपण दोघांनी तांदळाची खळ करून प्रत्येक पुस्तकावर आपल्या कॉलेजची लेबलं चिकटवली, बरोब्बर त्या दुसऱ्या ग्रंथालयाच्या शिक्क्यावर. तू गप्प होतास. मी विचारलं, "काय झालं रे?" तू म्हणालास, "काय नाय, खळ पातळ झाली." मीही गाढवच, मला वाटलं खरंच खळीबद्दल बोलतोयस.

समितीत दोन गृहस्थ होते आणि एक बाई. गृहस्थांनी हजेरीपट बघितला, कपाट बघितलं, मान हलवली. आपण पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हटली. तुझी सगळ्यांत चांगली झाली. सरांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी रक्त दिसलं. चहा आला. आता संपलं, असं मला वाटलं. मी कपाटाला लावायला कुलूप हातात घेतलं.

त्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि तुला सहज विचारलं, "यातलं कुठलं पुस्तक तुला सगळ्यांत जास्त आवडलं?"

कुठलंही नाव सांगायचं होतं, नवशा. पुस्तकांच्या पाठीवरची नावं समोर दिसत होती. तू उठलास, कपाटाजवळ गेलास. दर्शनी पुस्तकं सोडून मधल्या फळीच्या मधून, खांद्यापर्यंत हात घालून, एक जाड पुस्तक ओढून काढलंस. ते उघडलंस आणि बाईंच्या पुढे धरलंस. पानं एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यातून आली तशीच, कुणी कधी कापलीच नव्हती.

"बाई, ही वाचलेली नाय," तू म्हणालास. "आमीपन नाय, आनि ज्यांची हायत त्यांनीपन नाय." मग नखाने लेबल सोलून काढलंस. खळ खरंच पातळ झाली होती.

 सर खुर्चीवर बसले ते पुन्हा उठले नाहीत. बाईंनी विचारलं, "तुला कसं कळलं, हेच पुस्तक काढावं?" तू सांगितलंस, "आमी गासडी मधूनच बघतो."

ते लोक दुपारच्या गाडीने गेले. तू वखारीच्या मागे हात धूत होतास, बोटांना खळ लागली होती. मी आलो. काहीही न विचारता मारलं. पहिला ठोसा गालावर बसला आणि रक्त उडालं. दुसरा जबड्यावर. तू खाली पडलास. तिसरा मारला तेव्हा तुझ्या तोंडातून काहीतरी पांढरं बाहेर पडलं. तू एकदाही हात उचलला नाहीस. माझा कान चावणारा तू, त्या दिवशी नुसता बघत राहिलास. तुझ्या त्या बघण्याने मी आणखी पेटलो आणि लाथा घातल्या. बाकीच्या सातांनी मला ओढून बाजूला केलं नसतं तर तू त्याच दिवशी संपला असतास.

माझ्या मुठीत कपाटाचं कुलूप होतं.

सगळ्यांना मी सांगितलं, कुलूप हातात आहे हे रागाच्या भरात कळलंच नाही. सोमवारी लिहून दिलेल्या कागदातही तसंच लिहिलं. हेच ते टाळलेलं वाक्य. नवशा, मला कळलं होतं. वखारीच्या मागे येताना मी ते या हातातून त्या हातात घेतलं होतं, आणि बोटं नीट आवळली होती.

घरी गेलो तेव्हा गोष्ट माझ्याआधी पोचली होती. बाबा होडीला डांबर लावत होते. मला वाटलं, मान्यता गेली म्हणून डोक्याला हात लावून बसतील. त्यांनी वल्हं उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. एकदा, दोनदा. मी वाळूत पडलो.

"खरा बोलला म्हणून मारलास त्याला?" ते ओरडत होते. "होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, दोरी सोडून पानी किती हाय ता सांगनारा मानूस उभा असतो. तो बोलला पानी कमी हाय, तर त्याला हानतोस? होडी फुटंल ती फुटंल, पन तू त्याला हानतोस? जा, पाय धर त्याचे."

मी गेलो नाही. पाठ सुजली होती आणि अहंकार त्याहून जास्त सुजला होता.

मान्यता गेली. जहाज कंपनीतली जागा गेली. मी मुंबईला जाऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, दिवसा दुसऱ्याच्या पेढीवर हमालांच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि सकाळी कॉलेज. बाबा त्या मधल्या काळात गेले. तू शिक्षण सोडलंस आणि वखारीवर बापाच्या जागी उभा राहिलास. दोन वर्षांनी अचानक माझ्या खोलीवर आलास, हातात चिकूची करंडी घेऊन, जसं काही झालंच नव्हतं. गालावर खोक, बोलताना डावी बाजू जराशी ओढलेली. मी दार उघडून उभा राहिलो. तू म्हणालास, "बाजूला हो की, हात दुखतायत." मी माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "चिकू कच्चे आहेत." तू म्हणालास, "ठेव मंग, पिकतील." त्यानंतर हा विषय आपण कधी काढला नाही. मला वाटलं, तू विसरलास. तुझ्याकडे जेवायला बसलो की तू उजवीकडून घास चावतोस, हे मी बघायचो आणि ताटात मान घालायचो.

पुढे देसाई सरांनीच मला परत बोलावलं, साधं बी.कॉम. शिकवायला. आणि आता रुपयाचं अवमूल्यन झाल्यापासून जो तो निर्यात वाढवा म्हणून ओरडतोय, तेव्हा सरांनी ती जुनी पाटी पुन्हा रंगवून घेतली. नवं नाव, आंतरराष्ट्रीय व्यापाराची पदवी. विभागाचा प्रमुख मी. अकरा मुलं. समिती पुन्हा येणार. सर म्हणाले, "हरेश्वर, आधी मान्यता मिळू दे, पुस्तकं मागाहून येतील. आधी पुस्तकं आणायची म्हणशील तर मी मरेपर्यंत वर्ग उघडणार नाही." सरांचे हात आता थरथरतात. मला ते पटलंही होतं. अजूनही थोडंसं पटतं.

दोन महिन्यांपूर्वी तलासरीच्या एस्टी थांब्यावर तुला हे सांगितलं. तू पहिला प्रश्न काय विचारलास? "पुस्तका कुठशी आननार?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुझं काय गेलं रे तेव्हा? माझी दोन वर्षं गेली, बाप त्याच दुःखात गेला." तू म्हणालास, "तुझा बाप त्या दुःखात नाय गेला." मग शांतपणे म्हणालास, "तुमच्या समितीला हितं आना ना. गासड्या बघतील, किनाऱ्यावर बोंबील सुकतात ते बघतील. इथला माल कुठं जातो, कोन त्याला नावा ठेवतो, ता तरी पोरांना शिकवा. त्याला ट्रंक लागत नाय." मी म्हणालो, "तबेल्यात गवत गेलं तो काय परदेश व्यापार झाला?" तू म्हणालास, "आमाला तो परदेशच हाय. तितून कोन आमच्याशी बोलाय येत नाय."

 एस्टी आली, चढलो. गाडी हलली तसा तू गाडीच्या पत्र्यावर धाडकन मूठ मारलीस. सगळे दचकले. मी मुद्दाम मागे बघितलं नाही. तू रागाने मारलीस की हसत, ते आता मला कधीच कळणार नाही.

तुझी बातमी आली तेव्हा मी दुपारच्या वेळी लेबलं चिकटवत होतो. हो, पुन्हा तेच. मुंबईहून ट्रंका आल्या होत्या. तलासरीकडून येणारा एक विद्यार्थी धावत आला आणि म्हणाला, "सर, वखारीत ठेकेदाराच्या माणसांनी नवशाला मारून टाकलं. ओली गासडी फोडून सगळ्यांना दाखवली म्हणून." माझ्या हातात खळीची वाटी होती. ती मी भिंतीवर फेकली. अजून डाग आहे.

काल समिती आली. वेगळी माणसं, पण तसाच चहा, तशीच मान हलवणं. अकरा मुलं ताठ बसली होती. मागच्या बाकावर गणपत होता. उंबरगावच्या बाजूचा, घरचा पहिला शिकलेला, मुंबईतल्या एका निर्यातदाराने त्याला शब्द दिलाय. त्याच्याकडे बघितलं की मला मीच दिसायचो आणि त्याचा राग यायचा.

त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "प्रमुख या नात्याने तुम्हाला हा अभ्यासक्रम कसा वाटतो?"

सर माझ्याकडे बघत होते. मी उठलो. कपाटाच्या मधल्या फळीत खांद्यापर्यंत हात घातला. खोटं नाही सांगत, आत गरम लागलं. एक पुस्तक ओढून काढलं, लेबल सोललं आणि टेबलावर ठेवलं. म्हणालो, "ही पुस्तकं आमची नाहीत. मुलं खरी आहेत आणि प्राचार्यांची तळमळ खरी आहे, बाकीचं मी चिकटवलंय. तुमच्या गाडीला अजून दोन तास आहेत. किनारा दहा मिनिटांवर आहे. आमच्याकडे काय शिकवता येईल ते तिथे चला, दाखवतो."

दोघे आले नाहीत. एक आले. बोंबलांच्या रांगांमधून चालले, बायकांना बरंच विचारलं, लिहूनही घेतलं. मान्यता मिळालेली नाही. एक वर्षाने पुन्हा बघू, असं सांगून गेले.  देसाई सर जाताना दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचं मी काय करू, ते तू सांग.

मी वखारीच्या मागे हात धुवायला गेलो. गणपत तिथे उभा होता. तो ओरडला, "सर, तुमची नोकरी तर हाय ना! आमचं काय?" आणि त्याने मारलं. एकच, पण अंगातला सगळा जोर लावून. मी भिंतीवर आपटलो, तोंड रक्ताने भरलं. डावीकडची दाढ हलली. त्याच्या मुठीत काही नव्हतं, मी बघितलं. त्या बाबतीत तो माझ्याहून बरा निघाला. माझे हात आपोआप वर आले होते. ते खाली घेतले. तू त्या दिवशी नुसता का बघत होतास, ते मला काल कळलं. समोरचा बरोबर आहे असं वाटत नव्हतं तुला. तो कुठे दुखावलाय, ते दिसत होतं.

मी त्याला म्हटलं, "उद्या वर्गाला ये." तो रडत पळाला. आज आला होता. बाकावर मान खाली घालून बसला होता. मला बोलता येत नव्हतं, म्हणून फळ्यावर लिहून शिकवलं.

काल घरी आलो तेव्हा बायकोने ताट वाढलं आणि माझं तोंड बघून तिच्या हातातली पळी खाली पडली. "अगं बाई! कुठे पडलात?"

नवशा, 'हो' म्हणणं किती सोपं होतं. गणपतचं नाव झाकलं असतं, घरात काळजी नको, उद्या कॉलेजात चर्चा नको. सात वर्षं तू हेच केलंस, माझ्यासाठी. ओठांवर आलं होतं.

"पडलो नाही," मी म्हणालो. "मला मारलं. खरं बोललो म्हणून." आणि मग, लग्नाला पाच वर्षं झाल्यावर, तिला तुझ्या दाढांची गोष्ट सांगितली. कुलपासकट.  तिने भात मऊ करून पुन्हा वाढला.

मी उजव्या बाजूने घास घेतला.